राखाडी चौकोन

मदत कचेरीत सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं तोंडावर आणून पोहोचवणारी माणसं कुठल्या कचेरीत नसतात? बाईंना ते नाव केव्हाच कळलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं. बाकीच्यांना नावं पडली होती ती टकलावरून, घोरण्यावरून, फुकटच्या चहावरून. कामावरून नाव पडलेल्या त्या एकट्याच.

काम होतं आकड्यांचं. पूर आला की माणसं घरं सोडून पळतात, पण पळून कुठे जातात हे कुणालाच ठाऊक नसतं. पूर्वी ज्याची ओळख त्याच्या दारात होडी, असा कारभार होता. साहेबांना कुणाच्या तरी मेहुण्याचा फोन यायचा आणि जेवणाची पाकिटं त्या मेहुण्याच्या गल्लीत जायची. बाईंना याची भारी चीड. म्हणून त्यांनी फोनचा नकाशा केला. माणूस घर सोडताना भांडी विसरेल, चष्मा विसरेल, खिशातला फोन विसरत नाही, आणि चालू असलेला फोन आपण कुठे आहोत ते टॉवरला सांगतच असतो. सगळा इलाखा चौकोनांत कापायचा, कुठल्या चौकोनात किती फोन आहेत तेवढे फोन कंपनीने मोजून पाठवायचे. नाव नाही, नंबर नाही, नुसता आकडा. आकडा मोठा तसा चौकोन लालभडक. होड्या तिकडे वळवायच्या.

यावर गावात काहूर उठलं होतं. आम्ही कुठे जातो, कुणाकडे राहतो, याच्याशी सरकारला काय देणंघेणं? बाईंनी सभा घेतली. प्रश्नांची उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार होती, आणि त्या ती फटाफट देत होत्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. म्हणाली, "माझी बहीण मारक्या नवऱ्यापासून लपून राहते. आडबाजूला, दोन घरांच्या वस्तीत. तुमच्या नकाशावर तिथे दोन-तीन फोन दिसले, की ते तिचेच. बाहेरचं कुणी बघणार नाही म्हणता. पण तिचा नवरा तुमच्याच कचेरीत नोकरीला असला तर?"

बाईंनी सभा तिथेच आटोपती घेतली. त्यांनी घरी जाऊन नवऱ्याशी वाद घातला, स्वतःशी घातला, आणि मग पुढच्या सभेत नियम जाहीर केला: ज्या चौकोनात पंधरापेक्षा कमी फोन, त्याचा आकडा कंपनीच्या संगणकाबाहेर पडणारच नाही. साहेबांना नाही, पोलिसांना नाही, खुद्द बाईंनाही नाही. मोठे जमाव वर राहतील, छोटे चाळून जातील. हीच ती चाळणी. आणि ती उघडून आत किती फोन आहेत, कुणाचे आहेत, ते पाहायचं तर साहेबांची आणि बाईंची, दोघांची सही लागेल. मागच्या रांगेतली ती बाई टाळ्या वाजवायला थांबली नाही, पण तिने पुन्हा प्रश्नही विचारला नाही.

त्यानंतर यंदाचा पूर आला, आणि नकाशाने अशी काही कमाल केली की विचारू नका. शहराबाहेरच्या उड्डाणपुलावर शेकडो माणसं अडकली होती आणि कुणीही कळवलेलं नव्हतं. कळवणार कसं, मदतीचा नंबर सारखा गुंतलेला. पण भिंतीवरच्या पडद्यावर तो चौकोन बघता बघता लाल झाला आणि दुपारच्या आत तिथे पिण्याचं पाणी, औषधं, डॉक्टर पोहोचले. कधी कुणाचं कौतुक न करणारे साहेब वरिष्ठांना फोनवर 'आमचा नकाशा, आमचा नकाशा' करत होते. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. का चढू नये?

तिसऱ्या दिवशी सकाळी वायरलेस खरखरला. होड्यांचा मुकादम म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा दीर. घरी वहिनीच्या चहाला नावं ठेवत दोन कप रिचवणारा हा गडी पाण्यात मात्र एकही शब्द वाया घालवत नसे.

"वहिनी, वीटभट्टीच्या बाजूला शाळा आहे. तिथला चौकोन तुमच्या नकाशावर कसा दिसतोय?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "पांढरा."

"पांढरा म्हणजे कुणी नाही, बरोबर?"

बाईंच्या ओठावर 'हो' आलं होतं. ते तिथेच अडलं.

"कारण मी त्या शाळेच्या गच्चीखाली उभा आहे," दीर म्हणाला. "वर नवरा-बायको आणि तीन पोरं आहेत. पूर आल्यापासून उपाशी. इंजिनात कचरा अडकला म्हणून थांबलो, म्हणून दिसली. काल आम्ही याच रस्त्याने दोनदा गेलो, वहिनी. पांढरं आहे म्हणून मान वळवूनही पाहिलं नाही. ती माणसं हात करत होती म्हणे."

चूक काय झाली ते बाईंना तिथल्या तिथे कळलं, आणि ती चूक दुसऱ्या कुणाच्या हातून होण्यासारखीच नव्हती. चाळून गेलेले चौकोन त्यांनी कोरे ठेवले होते. त्यांच्या लेखी पांढरं म्हणजे 'आम्ही सांगणार नाही'. ती त्यांची अदब होती, दिलेला शब्द होता. होडीवाल्यांच्या लेखी पांढरं म्हणजे 'कुणी नाही'. आणि जिथे खरोखरच चिटपाखरू नव्हतं तो चौकोनही पांढराच. पडदाभर पांढरे चौकोन पसरले होते आणि त्यातल्या कशाचा अर्थ काय, हे खुद्द नकाशा करणारीला सांगता येत नव्हतं.

खोलीतल्या सगळ्यांनी वायरलेस ऐकला होता. साहेब आपल्या टेबलामागून उठले, कपाटातून एक कागद काढला, त्यावर सही ठोकली आणि तो बाईंसमोर सरकवला. चाळणी उघडायची परवानगी.

"संध्याकाळी वरच्या धरणाचं पाणी सोडतायत," साहेब म्हणाले. "नाही सोडलं तर धरणालाच धोका. म्हणजे आज जे गच्चीवर आहेत ते अंधार पडायच्या आत तिथे नसले पाहिजेत. सही करा बाई. सगळे फोन, सगळी नावं, सगळे पत्ते समोर येऊ देत. घरोघर जाऊन उचलतो."

"आणि पूर उतरल्यावर?"

"पूर उतरल्यावर काय?"

"पाणी आठ-पंधरा दिवसांत उतरेल, साहेब. हा कागद उतरणार नाही. एकदा उघडलेलं पुढच्या वेळी आणखी कुणीतरी, आणखी कुठल्यातरी कारणासाठी उघडेल. कारण चांगलंच असेल, नेहमी चांगलंच असतं."

साहेबांचा पारा चढला. ते वाईट गृहस्थ नव्हते. तीन दिवस खुर्चीतच झोपलेले, दाढी वाढलेली, घसा बसलेला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "बाई, मेलेल्या माणसाला खाजगी आयुष्य नसतं!"

हे वाक्य बाईंना लागलं. ते खोटं असतं तर लागलं नसतं. त्यांनी पेन उचललं. त्या बहिणीचा विचार मनात आला, आणि गच्चीवर हात करणाऱ्या पोरांचाही. एकीला वाचवायचं तर दुसऱ्यांना बुडवायचं, असलं गणित त्यांना आयुष्यात कधी पटलं नव्हतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि खोलीच्या कोपऱ्याकडे गेल्या.

कोपऱ्यात फोनवाला बसायचा. फोन कंपनीने पुरापुरता पाठवलेला इंजिनियर. चाळणी त्याच्या संगणकात होती. चाळण्याआधीचे आकडे आणि फोनचे नंबर फक्त त्याला दिसत. बाईंच्या नियमाची तो मनमुराद टिंगल करायचा. कचेरीत मिठाई वाटली की 'पंधरापेक्षा कमी आहेत, दिसल्या नाहीत' म्हणत दोन उचलायचा.

"अरे, तो शाळेचा चौकोन," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे तिथे काही दिसतंय का?"

"आकडा सांगू? नियम तुमचाच आहे, मॅडम. मग मला बोल लावायचा नाही."

"आकडा नको. आहे की नाही, एवढंच."

त्याने होकारार्थी मान हलवली.

"आणि त्याच्या डाव्या अंगाचा?"

त्याने नकारार्थी मान हलवली. बाई पडद्याकडे वळल्या. दोन्ही चौकोन शेजारी शेजारी, दोन्ही सारखेच पांढरे. एकीकडे माणसं जीव मुठीत धरून बसलेली आणि दुसरीकडे नुसतं पाणी.

"मला आकडा नको," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "मला तुझा आकडा नकोच आहे रे, मला तुझी मान हवी आहे!"

फोनवाल्याने आपली मान चाचपली.

"प्रत्येक पांढऱ्या चौकोनासाठी मान हलव. म्हणजे तू नाही, तुझ्या संगणकाने. एक फोन असो नाहीतर चौदा, उत्तर एकच: 'कुणीतरी आहे'. कोण ते नाही, किती ते नाही. असे चौकोन राखाडी कर. ते लोकांसाठीच्या नकाशावर जाणार नाहीत, भिंतीवरच्या पडद्यावरही नाहीत. माझ्या टेबलावर एकच यंत्र, तिथून मी वायरलेसवर होड्यांना सांगेन. पाणी उतरलं की तू हे माझ्यासमोर पुसायचंस."

"तेवढ्याने भागेल?" साहेब मागून म्हणाले. "कुणीतरी आहे! आजारी आहे की धडधाकट, गच्चीवर आहे की झाडावर? उद्या कुणी मला विचारलं, तुम्हाला नावं मिळत होती, तुम्ही का घेतली नाहीत, तर काय सांगू?"

"सांगा की बाई अडून बसल्या. माझं नाव घ्या, त्याला माझी परवानगी आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "राखाडी करा," ते म्हणाले. "पण जिथे अडेल, तिथे मी सही मागणार. आणि तुम्ही करणार."

"करेन," बाई म्हणाल्या. हा शब्दही त्यांनी दिला होता, आणि आता तो त्यांच्या मानेवर होता.

फोनवाल्याची बोटं चालू लागली. या वेळी त्याने एकही विनोद केला नाही. थोड्याच वेळात बाईंच्या टेबलावरच्या यंत्रात पांढऱ्याच्या मधून मधून राखाडी चौकोन उमटले. फार नव्हते. संध्याकाळपर्यंत होड्यांच्या आवाक्यात येतील इतकेच.

दिराला सांगितलं तेव्हा तो आधी फणकारला. "कुणीतरी आहे म्हणजे? वहिनी, मी इथे गळ्यापर्यंत पाण्यात आणि तुम्ही वरच्या मजल्यावरून उंटावरून शेळ्या हाकताय!"

"भावजी, हाकतेय खरी. पण या शेळ्या खऱ्या आहेत. जा."

शाळेवरच्या पाचही जणांना उंचावर सोडून तो गेला. पहिल्या राखाडी चौकोनात पंपघराच्या छपरावर दोन कामगार मिळाले. दुसऱ्यात एक बाळंतीण, तिची सासू आणि चार दिवसांचं मूल. तिसऱ्यात कुणीच मिळालं नाही. अर्ध्या बुडालेल्या ट्रकच्या आत चार्जिंगला लावलेला फोन तेवढा जागा होता, ड्रायव्हर केव्हाच निघून गेला होता. "फोन वाचवला, वहिनी," दीर म्हणाला. "त्याला जेवायला काय देऊ?" खोली तीन दिवसांनी पहिल्यांदा हसली. दुसऱ्या होड्यांचेही आवाज येऊ लागले. मिळाले, चढवले, निघालो. एकेक राखाडी चौकोन बाई पुसत गेल्या आणि दर वेळी त्यांच्या जिवात थोडा थोडा जीव येत गेला.

शेवटी एकच उरला. लाकडाच्या वखारींचा भाग. धरणाचे दरवाजे उघडायची वेळ होत आली होती आणि तिथे पोहोचेल अशी एकच होडी होती, दिराची.

"आलो," वायरलेसवर तो म्हणाला. "इथे कुणी नाही. सगळ्या वखारी बंद, पाणी छपराला टेकलंय. हाका मारून मारून थकलो. हाही ट्रकवाल्याचाच भाऊ असणार. परत फिरू?"

बाईंनी फोनवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. आहे.

"थांबा, भावजी."

"वहिनी, होडीत आधीच बाळंतीण आहे. पाणी आलं तर मी हिला घेऊन कुठे जाऊ?"

साहेबांनी तो कागद उचलून बाईंच्या हाताशी आणून ठेवला. एक सही केली, तर फोन कुणाचा ते कळेल, तो वखारीचा मालक असेल तर त्याची वखार कुठली ते कळेल, सगळं कळेल. आणि नाही केली तर? बाईंचा हात पेनाकडे गेला. दिलेला एक शब्द पाळायला दुसरा मोडायचा, अशी वेळ आपल्यावर यावी याचा त्यांना भयंकर राग आला. त्या रागातच त्यांना सुचलं.

"तो फोन वाजवता येईल का रे तुला?"

"नंबर तुम्हाला देता येत नाही."

"मला नंबर नकोच आहे! तुला दिसतोय ना? तू वाजव. इथे बसून वाजव. भावजी, इंजिन बंद करा. होडीत सगळ्यांना गप्प बसवा आणि कान द्या."

फोनवाल्याने कानाला यंत्र लावलं. खोलीत कुणी खोकलंही नाही. वायरलेसमधून पाण्याचा चुळुक चुळुक आवाज येत होता. त्यात चार दिवसांचं मूल एकदा कुरकुरलं आणि कुणीतरी त्याला थोपटलं.

"वाजतोय," दीर कुजबुजला. मग त्याचा आवाज फाटला. "वाजतोय वहिनी! छपराखाली! मधल्या वखारीच्या माळ्यावर! कौलं काढा रे, कौलं काढा!"

त्याच वेळी इकडे फोनवाला ताठ बसला. पलीकडून कुणीतरी फोन उचलला होता. "हॅलो! हो, हो, मदतीचेच आहोत. मोठ्याने बोला आजी, घसा बसलाय का?" आजी बहुधा रीतीप्रमाणे आपण कोण, कुणाच्या, कुठल्या घरच्या हे सांगू लागल्या असाव्यात, कारण फोनवाला मध्येच म्हणाला, "नाव राहू दे आजी, नाव नका सांगू. माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात आहात तेवढं सांगा. आजोबा कुठे आहेत? शुद्धीवर आहेत ना?"

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मिठाईचे दोन तुकडे लाटणारा हा टवाळ माणूस, आणि घाईच्या त्या क्षणी त्याच्या तोंडून हे आपसूक आलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना त्याचा अभिमान वाटला. नकाशाचा वाटला होता त्याहून जास्त. साहेबांनी बाईंच्या हाताजवळचा कागद उचलला, त्याची नीट चौघडी केली, मग चौघडीचे तुकडे केले. "माझ्या सहीची उगाच नासाडी," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसत राहिले.

कौलं निघाली. आजी निघाल्या, मागून आजोबा निघाले, खांद्यावर घालून. होडी उंचावरच्या रस्त्याला लागली तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. बाईंनी शेवटचा राखाडी चौकोन पुसला. त्यांच्या यंत्रावर आता लाल होतं आणि पांढरं होतं, आणि पांढऱ्याचा अर्थ आता एकच होता.

वायरलेस पुन्हा खरखरला.

"वहिनी, आजोबा बोलायला लागलेत. विचारतायत, आम्ही इथे आहोत हे तुम्हाला सांगितलं कुणी? कोण आहोत ते तरी तुम्हाला ठाऊक होतं का?"

"नाही म्हणावं. कुणीतरी आहे, एवढंच ठाऊक होतं."

"सांगितलं," दीर म्हणाला. "ते म्हणतात, एवढ्यावर आलात?"

बाईंनी आवाज खणखणीत ठेवला. सगळ्या होड्यांना ऐकू जायला हवा होता.

"हो म्हणावं. आम्ही एवढ्यावरच येतो."